घागरमामा कुणाचा?

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी ग्यानोबा पेंटरला मान वर करायला फुरसत नव्हती. शहरातल्या झाडून साऱ्या पाट्या एका रात्रीत चुकीच्या ठरल्या होत्या. 'जि. उस्मानाबाद' पुसायचं, 'जि. लातूर' लिहायचं. दुकानदार शिडीखाली उभे राहून घाई करायचे, चहा पाजायचे. पेंटरच्या आयुष्यात असा हंगाम एकदाच येतो, आणि नेमका त्याच हंगामात हा गृहस्थ एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून हिंडत होता. कारण एकच. जिथं म्हणून शिडी लावावी, तिथं घागरमामा आधीच हजर.

घागरमामाला ओळखत नाही असा माणूस तेव्हा लातुरात नव्हता. काडीसारखा म्हातारा, डोक्यावर त्याच्याहून मोठी घागर, तिच्या वजनानं मान खांद्यात गेलेली, कान बाहेर आलेले, पाय अनवाणी, आणि तोंडभर हसू, त्यात एकच दात. रसवंतीच्या पत्र्यावर तो, सोड्याच्या गाडीवर तो, पाण्याच्या टँकरच्या पाठीवर तर हमखास तो. बघणारा हसायचाच. आणि हा घागरमामा म्हणजे ग्यानोबाचा सख्खा बाप होता.

बापाचं नाव भीमा. उदगीरकडच्या त्यांच्या गावात तो घागर घेऊन विहिरीच्या कट्ट्याखाली उभा राहायचा. कट्ट्यावर चढायची मुभा नव्हती. वरून कुणी बाईनं ओतलं तर पाणी, नाही तर नुसतं उभं राहणं. घरातले देव काढून, बुद्धवंदना म्हणायला लागून वर्षं लोटली, पण विहिरीनं काही त्याची दखल घेतली नव्हती. बायका हसल्या की पाणी लवकर पडतं, एवढं म्हाताऱ्याला कळलं होतं. म्हणून तो तोंड वेंगाडायचा, कान हलवायचा. बहात्तरच्या दुष्काळात तापानं गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ग्यानोबा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. दुपारच्या सुट्टीत आखणीचा चुना बोटानं उचलून त्यानं एका दगडावर बाप काढला. त्याची आई तो दगड बघून हसली. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. तिचं बघून सगळी टोळी हसली, आणि कुणीतरी म्हणालं, हा तर घागरमामा.

आपल्याकडं पेंटर लोक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकतात. पण दगडावर कोण नाव टाकणार? तो दगड संध्याकाळपर्यंत खडी व्हायचा होता. उलट ज्यानं विचारलं त्याला ग्यानोबानं शिकवलं: आधी घागर काढा, घागरीखाली नाक, नाकाच्या दोन बाजूंना कान, झाला मामा. काम संपलं, माणसं आपापल्या गावी पांगली, आणि मामाही त्यांच्याबरोबर गेला. बायकांनी दाराशेजारी गेरूनं काढला, टँकरवाल्यांनी पाठीमागं काढून घेतला. दहा वर्षांत तो इतका माजला की ग्यानोबाच्याच हातात सापडेना.

माणसांनी नुसता काढला असता तरी चाललं असतं. पण कुणी त्याला बूट घातले, कुणी मिशा लावल्या. शरणप्पाच्या हॉटेलवर तर घागर काठोकाठ भरून बाहेर सांडत होती. ग्यानोबाचं डोकंच फिरलं.

"मालक, ती घागर रिकामी करा. माझ्या बापाची घागर कवा भरून सांडली न्हाई."

"तुझा बाप?" शरणप्पा गल्ल्यामागून हसला. "आरं, मामा हाय त्यो. साऱ्या जगाचा मामा."

बायको पंचशीला रोज समजावायची, "जाऊ द्या की. सगळे त्यांना बघून हासायलेत, ते काय वाईट हाय?" ग्यानोबा म्हणायचा, "हासायलेत, तेच तर वाईट हाय."

शेवटी तो वकिलाकडं गेला. वकील भला माणूस होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "कायद्यानं चित्र काढणाऱ्याचंच असतं. काढणारा मेला की पन्नास वर्षांनी ते सगळ्यांचं होतं. बाहेरच्या देशांतली नामांकित कार्टूनंसुद्धा मुदत संपली की अशीच मोकळी होतात. तुमचं मात्र तुमच्या डोळ्यांदेखत मोकळं झालं. पहिलं चित्र कुठं आहे?"

"रस्त्यात," ग्यानोबा म्हणाला. "डांबराखाली."

अशातच गावाहून सरपंच वीरण्णाचा निरोप आला. विहीर नव्यानं बांधली होती. कठड्यावर 'सार्वजनिक विहीर, जि. लातूर' असं लिहायचं, आणि शेजारी घागरमामा काढायचा. परका पेंटर कशाला, आपलाच पोरगा आहे म्हणे.

ग्यानोबा गेला. रंगाचे डबे घेऊन सरळ कट्ट्यावर चढला, कुणी हटकलं नाही. दिवसभर बसून त्यानं बाप काढला, होता तसा. बूट नाहीत, मिशा नाहीत, घागर रिकामी. कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं नाही. चित्राखाली ठळक अक्षरात लिहिलं, 'भीमा'.

आठवड्यानं ग्रामपंचायतीची पाटी रंगवायला तो परत गावात आला आणि आधी विहिरीवर गेला. मामा जागेवर होता. नावावर चुना फिरवला होता.

"कोण भीमा, कोण भीमा, लोक इचारायलेत," वीरण्णा शांतपणे म्हणाला. "एकाचं नाव कशाला उगं? मामा सगळ्यांचा हाय."

"सगळ्यांचा हाय तर ह्या कट्ट्यावर त्याला कवा चढू का दिलं न्हाई, आप्पा?"

वीरण्णानं नुसतं विहिरीत डोकावलं. ग्यानोबाच्या अंगाची लाहीलाही झाली. नाव पुसायला वापरलेली चुन्याची बादली तिथंच पडली होती. त्यानं कुंचला बुचकळला आणि मामाच्या तोंडावर मारायला हात उचलला.

"ए, ए! काय करायलास?" पाणी शेंदणारी महादेवीआक्का दोर सोडून धावत आली आणि चित्राच्या आड उभी राहिली. हीच आक्का कट्ट्यावरून त्याच्या बापाच्या घागरीत पाणी ओतायची. "हात लावू नको मामाला! आमच्या विहिरीचा हाय त्यो. रोज सकाळी ह्याचं तोंड बघून हसू येतंय आमाला."

"तवा बी येत हुतं, आक्का," ग्यानोबा म्हणाला. "तुमी हासायचाव, मग वरून पाणी वतायचाव."

"कवा रं?" तिनं विचारलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं.