आई म्हणे, कीबोर्डचा सूर हालते

मंडळी, आज डोकं पार फिरलं.

साठच्या दशकात अकोल्यात पेटीवर बुद्धगीतं गाणारी माझी आई आज अमरावतीत माझ्या सिंथेसायझरच्या साथीने पहिल्यांदाच गायला बसली.

दोन ओळींत थांबली. "हा सूर हालून कावून राहिला?"

सुराला कंप देणारा इफेक्ट मी कमी केला.

"अजून हालते."

वैतागून सगळेच इफेक्ट बंद केले.

"हालूनच राहिला, बाबू."

चिडून मी नुसता सूर दाबून धरला. तो सरळ होता. ती गायला लागली तेव्हा कळलं, थरथर तिच्याच गळ्यात होती.

मी उगाच एक बटण फिरवलं. "आता केला बंद."

"आता कसं," म्हणत ती गात राहिली.

चिडचिड अजून गेली नाही, पण कोणावर चिडू? तुम्ही तिला खरं सांगितलं असतं का?