हार, चावी आणि पाच इंची चक

"आठ इंची द्या," डॉक्टर म्हणाले. "त्याहून मोठा असेल तर तो दाखवा."

मी त्यांच्या मोबाइलवरचा फोटो पुन्हा बघितला. गॉलवेच्या घरामागची शेड आणि तिच्यात कुठल्याशा शाळेच्या वर्कशॉपमधून निघालेला जुना, लहानसा लेथ. त्यावर आठ इंची चक म्हणजे सायकलला ट्रकचं चाक.

आयर्लंडमधल्या शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं दुकान आहे. आम्ही चक विकतो. लेथवर जो तुकडा फिरवून कापायचा असतो त्याला जॉब म्हणतात, आणि जॉबला धरून गरगर फिरणारी लोखंडी मूठ म्हणजे चक. मूठ ढिली पडली की जॉब सुटतो. सुटलेला जॉब समोर कोण उभं आहे हे बघत नाही.

"डॉक्टर, पाच इंची घ्या."

"मोठा चक, मोठी पकड. साधं लॉजिक आहे."

"चक जड झाला की मोटार कण्हते, बेअरिंग जातात, थांबायला वेळ लागतो. आणि जॉ जरा जास्त उघडले की खाली बेडवर आपटतात." जॉ म्हणजे चकचे जबडे, बेड म्हणजे त्याखालचा लेथचा लोखंडी पाट.

"अगं, मी हाडांचा सर्जन आहे. दिवसभर ड्रिल आणि स्क्रूच करतो."

"मग पेशंटला हौसेखातर दोन साइझ मोठा गुडघा बसवता का?"

मागून खोकल्याचा आवाज आला. डेक्लन, माझा बॉस. त्याने मला रॅकमागे बोलावलं.

"युअर मॅन मागतोय ते दे ना," तो म्हणाला. इथे कुठल्याही समोरच्या माणसाला युअर मॅन म्हणतात. "तो आठ इंची इतकी वर्षं पडून आहे की मी त्याला नाव ठेवायच्या बेतात होतो."

"त्याच्या लेथला तो झेपणार नाही."

"बसवेल काहीतरी करून. ही'ल बी ग्रँड."

ग्रँड म्हणजे ठीकठाक. आयर्लंडमध्ये छत उडालं तरी माणसं ग्रँडच असतात.

"मी नाही विकणार," मी म्हटलं. "तुला विकायचा असेल तर तू वीक. फक्त एक सांग. तुझ्या आईचं हिपचं ऑपरेशन गॉलवेलाच आहे ना?"

"हो. का?"

"युअर मॅन तिथलाच सर्जन आहे. त्याचे हात नीट बघून घे. मग वीक."

डेक्लनने रॅकमधून वाकून डॉक्टरांचे हात बघितले. मग काउंटरवर जाऊन अतिशय गंभीर आवाजात म्हणाला, "सर, तुमच्यासाठी पाच इंची."

साइझ ठरला. आता तीन जॉचा की चार जॉचा? इथे मला जरा स्फुरण चढतं.

तीन जॉचा चक म्हणजे हायकमांड. एका जागी चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदम सरकतात. काम झटपट होतं, पण वरून केसभर चूक झाली की तिघेही मुकाट्याने केसभर चुकतात. चार जॉचा चक म्हणजे लोकशाही. प्रत्येक जबड्याला वेगळं विचारावं लागतं. वेळ जातो, वैताग येतो. पण मोजणारी डायल लावून धीराने बसलं तर सेंटर अगदी खरं निघतं, जॉब बरोबर मधोमध फिरतो, आणि चौकोनी, वेड्यावाकड्या जॉबलाही त्यात जागा मिळते. माझं मत कुणाला हे सांगायला नको.

डॉक्टरांनी भाषण शांतपणे ऐकून घेतलं. "मला दिवाळीला पितळेचं निरांजन करायचंय," ते म्हणाले. "गोल बारमधून. स्वतःच्या हाताने."

"फक्त निरांजन?"

"फक्त निरांजन. गोल असतं ते. हायकमांड दे."

त्यांचं बरोबर होतं. मी जड अंतःकरणाने तीन जॉचा चक बांधून दिला.

बरोबर चावीही दिली. चक उघडायची चावी इंग्रजी टी अक्षरासारखी असते. ती चकमध्येच विसरून मशीन चालू केलं तर गोफणीतल्या दगडासारखी सुटते. डॉक्टरांच्या जुन्या लेथचा गार्ड, म्हणजे चकवरचं संरक्षक झाकण, केव्हाच गायब झालेला, म्हणून मी स्प्रिंगवाली चावी सक्तीने गळ्यात मारली. हात सोडला की स्प्रिंग तिला बाहेर ढकलते. चकमध्ये ती राहूच शकत नाही.

"मी विसरणाऱ्यातला नाही गं," डॉक्टर म्हणाले.

"विसरणारे सगळे हेच म्हणतात."

माझे बाबा चिंचवडला कामगार युनियनमध्ये होते. आमच्या घरी बसायला खुर्ची कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. दसऱ्याला कंपन्यांत मशीनची पूजा व्हायची तेव्हा बाबा गेटवर पत्रक वाटायचे. मथळा मला अजून पाठ आहे: हार नको, गार्ड हवा. मी त्या मथळ्यावर वाढले. म्हणून डॉक्टरांचं दसऱ्याचं आमंत्रण आलं तेव्हा मी जरा नाक मुरडूनच गेले. डेक्लन मात्र क्रॅकसाठी, म्हणजे इथल्या भाषेत गमतीसाठी, स्वच्छ शर्ट घालून आला.

शेडमध्ये पंधरावीस माणसं दाटीवाटीने उभी होती. आपट्याची पानं मिळाली नाहीत म्हणून मुलांनी सोनेरी पुठ्ठ्याची कापली होती. लेथला शेवंतीचा हार, तिन्ही जबड्यांना हळदकुंकू. आणि चकमध्ये चावी ताठ उभी, तिच्या डोक्यावर एक फूल.

चावी उभी होती. हात न लावता.

"वहिनी," मी डॉक्टरांच्या बायकोला विचारलं, "ही चावी उभी कशी राहिली?"

"अगं, ती सारखी बाहेर पडत होती. ऐन पूजेत पडली तर बरं दिसतं का? मग यांनी तिची स्प्रिंगच काढून टाकली. सर्जन आहेत ना."

तेवढ्यात आरती संपली. टाळ्या झाल्या. डॉक्टर लेथपाशी गेले. हार घसरू नये म्हणून डावा हात चकपाशी धरला आणि उजवा हिरव्या बटणाकडे नेला. मुलं पुढे सरकली. "गो ऑन, बाबा!"

"डॉक्टर, चावी!" मी ओरडले.

"माहितीये. एकच गिरकी. सगळ्यात कमी स्पीड आहे."

"कमी स्पीडलासुद्धा ती बेडवर आपटेल. तुमचा हात तिथेच आहे!"

"सणाच्या दिवशी लेक्चर नको गं," डॉक्टर हसत म्हणाले. सगळे हसले. बोट बटणावर टेकलं.

तर्क संपला होता. प्लग माणसांच्या पलीकडे, भिंतीशी. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते ऐकून मलाच धक्का बसला.

"डॉक्टर, पूजेला बसलेलं हत्यार आज चालवत नाहीत!"

डॉक्टरांचं बोट बटणावरच थांबलं.

"अरे हो की," वहिनी म्हणाल्या. "थांबा हो!"

"पाटीपूजा झाल्यावर अभ्यास करतात का कधी?" मागून कुणाच्या तरी आई म्हणाल्या. "ठेवा ते बटण. उद्या काय ते चालवा."

डॉक्टरांनी तापलेल्या तव्यावरून घ्यावेत तसे दोन्ही हात मागे घेतले. मी माणसांतून वाट काढत भिंतीशी गेले आणि प्लग काढून पर्समध्ये टाकण्याची इच्छा आवरून नुसताच काढला.

डेक्लन कानाशी आला. "तू काय म्हणालीस त्याला?"

मी सांगितलं.

"आणि त्याने ऐकलं? फिजिक्सचं नाही ऐकलं, आणि ह्याचं ऐकलं?"

"हो."

डेक्लनने पुन्हा एकदा डॉक्टरांचे हात बघितले. दोन्ही जागेवर होते, श्रीखंड वाढत होते. "आईला फोन करून सांगतो," तो म्हणाला. "शी'ल बी ग्रँड."

जेवणानंतर मी डॉक्टरांना शेडमध्ये नेलं. चावीवरचं फूल काढून त्यांच्या हातात दिलं, बंद मशीनचा चक हाताने हळूच फिरवला. चावीचा दांडा बेडला टेकून अडला. हात जिथे धरला होता, बरोबर तिथे. डॉक्टरांनी फूल खिशात ठेवलं आणि ड्रॉवरमधून स्प्रिंग शोधून काढली.

दिवाळीत निरांजनाचा फोटो आला. जरासं एका बाजूला कललेलं. चार जॉच्या चकमध्ये बारचं सेंटर खरं निघालं असतं, असं उत्तर मी लिहिलं आणि खोडलं.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. "म्हणजे हाराने गार्डचं काम केलं," ते म्हणाले. "हे पत्रकात घालू नकोस."

डेक्लनला बाबांचा हा सल्ला पटलेला नाही. घरी लेथ चालवणारं कुणीही नवीन गिऱ्हाईक आलं की तो माझ्याकडे बोट करून सांगतो, "तिच्या देशाचा फार जुना नियम आहे. नव्या चकला पहिल्या दिवशी एक फूल ठेवायचं, मशीन चालवायचं नाही आणि मॅन्युअल वाचायचं." परवा शेजारच्या काउंटीतला एक शेतकरी फूल कुठलं ठेवायचं ते विचारत होता.

कुठलंही चालेल, मी म्हटलं. फक्त चावी खिशात ठेवून मग फूल ठेवा.