गार केलेली गाडी

आमच्या शेजारचे टॅक्सीवाले काका एसीच्या बाबतीत पक्के चिक्कू. सिग्नलला गाडी थांबली की त्यांचा हात हळूच बटणाकडे जायचा. मागून कुणी विचारलंच, "एसी बंद केलात का?" तर शांतपणे म्हणायचे, "नाही हो, दम घेतोय तो." चढ लागला की बंद, उतार लागला की चालू. कॉम्प्रेसर टक् करून लागला की इंजिन जरा दबतं, आणि काकांना वाटायचं, आपल्याच पाठीवर कुणी बसलंय. काकू गाडीत असल्या तर एसीचा प्रश्नच नसायचा. सरळ काचा खाली. "घरच्या माणसाला वारा पुरतो," असं काका म्हणत, आणि काकू हसून सोडून देत.

मग काकूंना आतड्याचा कॅन्सर निघाला.

औषध चढवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे. दिवस कडक उन्हाळ्याचे. पहिल्यांदा औषध घेऊन परतताना काकांनी एसी पूर्ण जोरात लावला. काकू पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी झोताकडे हात नेला आणि झटकन मागे ओढला.

"बंद करा. सुया टोचतायत."

या औषधाने गारवा सोसत नाही, थंड पाणी नको, थंड हवा नको, हे नर्सने बजावून सांगितलं होतं. काका तेव्हा गाडी काढायला खाली गेले होते. काकूंना वाटलं, एवढ्या वर्षांनी आपण होऊन लावतायत, तर कशाला नाही म्हणा. हे त्यांनी माझ्या आईला सांगितलं. काकांना नाही.

काचा उघडल्या तर बाहेर भट्टी. गाडी तापलेली, सीटला हात लावायची सोय नाही. मग काकांनी एक युक्ती काढली. काकू जिने उतरायच्या आधीच खाली जाऊन एसी लावून ठेवायचा, सीट, छप्पर, दारं सगळं गार होऊ द्यायचं, आणि त्या दारात दिसल्या की बंद. गार झालेली गाडी थोडा वेळ तग धरायची. पण एसी बंद केल्यावर पंखा चालू राहिला, की आधी गार आणि मग दमट, कुबट हवा यायची. त्या वासाने काकूंना उलटी झाली.

काका गॅरेजवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काका, आतल्या जाळीवर पाणी धरतं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवला तर काय होईल? तेच. गाडी उभी करायच्या जरा आधी एसी बंद करा, नुसता पंखा चालू द्या. वाळेल ती."

त्या दिवसापासून संध्याकाळचं शेवटचं गिऱ्हाईक उतरलं, की काका एसी बंद करून नुसत्या पंख्यावर घरी यायचे. गाडी लावून झाली की झोतापाशी नाक नेऊन वास घ्यायचे. येणारेजाणारे हसायचे. काकांचं लक्ष नसायचं.

पावसाळ्यात नवीनच अडचण. काचा बंद, आत दोन माणसांचा श्वास. पुढची काच धुरकटून जायची. एसी लावला तर काच पटकन साफ होते, पण तो लावायचा नाही. एका संध्याकाळी इतका पाऊस लागला की समोरचं काही दिसेना. काका एका हाताने काच पुसत होते.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा," काकू म्हणाल्या. गार काच टोचू नये म्हणून हातमोजे घातले, त्यावर फडकं धरलं आणि घरापर्यंत त्या काच पुसत आल्या. "उजवीकडे सायकलवाला आहे बघा. आता डावीकडे घ्या."

"एवढी वर्षं गाडी चालवतोय मी."

"दिसत होतं तेव्हा चालवत होता."

दोघंही हसले. त्या आजारपणात एवढं हसल्याचं काकांना तेवढं एकदाच आठवतं.

पाऊस संपता संपता डॉक्टरांनी ते औषध थांबवलं. उपयोग होत नव्हता. आता त्रास कमी करण्यापुरतीच औषधं, असं त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. काकांनी मान हलवली. मुलीला फोन करून "डॉक्टरांनी जरा विश्रांती दिलीय" असं सांगितलं.

पुढे काही आठवड्यांनी तपासणीहून परतताना ऊन होतं. काकूंनी स्वतःच बटण दाबलं. टक् झालं, इंजिन दबलं. काका घाईघाईने बंद करायला गेले, तर त्यांनी काकांचा हात धरला.

"राहू दे. आता नाही टोचत." मग तळहात झोतासमोर धरून म्हणाल्या, "किती छान लागतंय."

टोचत नाही, कारण औषधच थांबलंय, हे काकांना तेव्हा खरं समजलं. डॉक्टरांचं बोलणं कानावरून गेलं होतं, ते आत्ता आत उतरलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. एसी चालूच होता.

थंडीच्या सुरुवातीला काकू गेल्या.

मुलगी येऊन राहिली, "माझ्याकडे चला बाबा," म्हणाली. काकांनी ऐकलं नाही. ते पुन्हा टॅक्सी चालवतात. गिऱ्हाइकांशी आता फारसं बोलत नाहीत. दुपारी इमारतीखाली गाडी लावतात आणि डबा गाडीतच उघडतात. एकदा माझी आई म्हणाली, "अहो, घर दोन जिन्यांवर आहे, वर बसून जेवा की."

"वर जाऊन काय करू, वहिनी," काका म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं. भाजी निम्मी तशीच होती.