आमच्या हॉलमधून उडालेली रॉकेटं

कुवेतमध्ये दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी परत साचतात. एक धूळ आणि दुसरे आमच्या ग्रुपचे किस्से. धुळीला मी रोज फडकं मारते, किस्से मात्र साचू देते. त्यातले रॉकेटचे आज सांगून टाकते. नाहीतर मोहन, म्हणजे माझा नवरा, सगळ्यात स्वतःला हिरो करून सांगेल.

इथल्या सलवा भागात आमचा फ्लॅट आणि हॉलमध्ये गरजेपेक्षा मोठा टीव्ही. त्या टीव्हीसाठी यायला लागले दत्ताराम घाडी, म्हणजे आमचे दत्ताभाऊ. मूळचे कणकवलीकडचे, एसीच्या डक्टचं काम करतात, इथल्याच हवल्लीत बॅचलर खोलीत एकोणीस वर्षं. त्यांची सुप्रिया इंजिनियर झाली आणि आपल्याकडे रॉकेट सोडतात तिथेच नोकरीला लागली. लाँच झालं की टीव्हीवर कंट्रोल रूम दाखवतात ना, त्यात तिसऱ्या रांगेत ती असते. जेमतेम तीन सेकंद.

तिचा दहावीचा निकाल, पदवीचा समारंभ, सगळं दत्ताभाऊंनी इथे बसून फोनवर ऐकलं. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, आणि ती कधी वेळेवर मिळत नाही. आता त्यांना एकच हवं होतं : कामावर असलेल्या मुलीचा फोटो, आणि तोही स्वतः काढलेला.

“काका, आय विल सेंड यू अ स्क्रीनशॉट,” आमची लेक ईशा म्हणाली.

“तो टीव्हीवाल्यांचो,” दत्ताभाऊ म्हणाले. “माका मी काढललो होयो.”

ईशाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं.

* * *

पहिलं लाँच शुक्रवारी, भारतातल्या दुपारी दोन पस्तीसला. म्हणजे इथे कुवेतमध्ये बारा पाच. आम्ही वाट बघून बघून थकलो, रॉकेट उडालं, सुप्रिया दिसली, जेवणं झाली, भांडी घासून झाली. पावणेपाचला बेल वाजली. दारात दत्ताभाऊ. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल फुल चार्ज केलेला.

एकोणीस वर्षं घरी फोन करायचा म्हणजे अडीच तास मिळवायचे, ही सवय. वजा करायची वेळ कधी आलीच नव्हती!

“रॉकेट गेला?” त्यांनी विचारलं.

“गेलं आणि पोचलंसुद्धा,” मोहन म्हणाला. “तुम्हीच राहिलात.”

मी मोहनकडे असं बघितलं की तो मुकाट्याने चहा टाकायला गेला. दत्ताभाऊंनी चार साबुदाणेवडे खाल्ले, पण त्यांचं लक्ष बंद टीव्हीकडे होतं.

* * *

दुसऱ्या वेळी दत्ताभाऊंनी मदतीला इक्बालभाईंना आणलं. इक्बालभाई रत्नागिरीचे, हवल्लीत कॅमेरा दुरुस्त करतात. माणूस लाखात एक, पण उत्साहाला झाकण नाही. आल्या आल्या म्हणाले, “ताई, अंधार करा.”

मी पडदे ओढले. काउंटडाउन संपलं आणि रॉकेट सुटायला आणि इक्बालभाईंचा फ्लॅश उडायला एकच गाठ पडली. फोटोत काय आलं? टीव्हीच्या काचेत आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बसलेलो, आणि मधोमध पांढराशुभ्र भडका. आम्ही तो फोटो बघत होतो तेवढ्यात सुप्रियाचे तीन सेकंद निघून गेले.

इक्बालभाईंनी तोच फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत रत्नागिरीहून त्यांच्या खालाचा फोन, “अरे, माणसं तरी वाचली का?”

* * *

तिसऱ्या वेळी घोळ वरच्या मजल्याने केला. वर एक केरळी कुटुंब राहतं, त्यांचा टीव्ही डिशवर आणि आमचा इंटरनेटवर. म्हणजे तेच रॉकेट आमच्याकडे अर्धा मिनिट उशिरा उडतं. आमचं काउंटडाउन बावीसवर असताना वर टाळ्यांचा कडकडाट.

“गेलं वाटतं,” मोहन म्हणाला.

दत्ताभाऊंना वाटलं, आपलं परत चुकलं. त्यांनी घाईघाईने बटण दाबलं आणि लागोपाठ चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटोंत बावीस ते शून्यपर्यंतचे आकडे आणि सरळ उभं असलेलं रॉकेट. सुप्रिया दिसेपर्यंत मोबाइल म्हणाला, जागा संपली.

पुढच्या वेळेची तजवीज म्हणून मी मोहनला वर पाठवलं, टाळ्या जरा हळू वाजवा म्हणून सांगायला. तो दोन तासांनी ढेकर देत आला. म्हणाला, “त्यांचं बरोबर आहे गं. आणि पायसम फार छान करतात.”

* * *

चौथ्यांदा काउंटडाउन वाऱ्यामुळे थांबलं. इक्बालभाईंची नमाजाला जायची वेळ झाली. दारात चपला घालताना म्हणाले, “मी येईपर्यंत थांबवून ठेवा.”

ते मशिदीत जाऊन, वाटेत खुबूसच्या रोट्या घेऊन परत आले, तरी काउंटडाउन थांबलेलंच. इक्बालभाई सोफ्यावर टेकले आणि पुढच्याच मिनिटाला घड्याळ सुरू झालं.

“बोललेलो ना मी,” ते म्हणाले.

आणि हा दिवस खरंच आमचा होता. इक्बालभाईंचा कॅमेरा स्टँडवर, फ्लॅशवर काळी टेप, कॅमेऱ्याचा रिमोट दत्ताभाऊंच्या हातात. मी दम भरून ठेवला होता, “सगळे खाली बसा. जो उठेल त्याला जेवण नाही.” दत्ताभाऊ तोच इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मोहनने चिडवलं, “अहो, आपण तिला बघणार, ती आपल्याला नाही.”

“असांदे,” दत्ताभाऊ म्हणाले.

रॉकेट गेलं. कंट्रोल रूम आली. पहिली रांग, दुसरी रांग, आणि तिसऱ्या रांगेतली सुप्रिया चक्क उभी राहिली. कॅमेऱ्याकडे वळली आणि तिने हात हलवला.

हॉलमध्ये एकच माणूस उठला.

फोटो अगदी स्पष्ट आला. टीव्ही नाही, रॉकेट नाही, सुप्रिया नाही. कडेपासून कडेपर्यंत दत्ताभाऊंची पाठ आणि वर केलेला उजवा हात. इक्बालभाई हळूच म्हणाले, “दत्ता, काढलास तर तूच.”

दत्ताभाऊंनी तो फोटो बराच वेळ बघितला आणि मोबाइलवर घेऊन मुलीला पाठवून दिला. आमची पानं वाढून होईतो तिचं उत्तर आलं. त्यांनी ते वाचलं, मोबाइल माझ्या हातात दिला. एकच ओळ होती :

“बाबा, शर्टाला मागून इस्त्री केलीच नाहीत.”

मी मान वर केली तोवर दत्ताभाऊ शर्टाची बटणं काढत होते.

“वैनी,” बनियनवर उभे राहून ते म्हणाले, “इस्त्री खंय आसा?”