केसांचं कुणी सांगितलंच नाही

हर्षला सोनावळेचा आवाज कर्जत आगारात सगळ्यांना ठाऊक आहे. चौदा वर्षं ती एसटीत कंडक्टर. खोपोलीच्या गाडीत मागच्या सीटवरच्या माणसानं तिकीट चुकवायला खिडकीकडे तोंड फिरवलं, तर ही पुढच्या दाराशी उभी राहून नुसत्या हाकेनं त्याला उठवायची. कडावच्या भातशेतीवाल्या घरातली मुलगी, लग्न होऊन पळसदरीला आली. नवरा रत्नदीप खोपोलीच्या एका कारखान्यात. घरात सासू चंद्रभागा आणि बारावीतली लेक दीप्ती. भांडायची वेळ आली की हर्षला भांडायची आणि जिंकायचीही, त्यामुळे तिच्या वाट्याला फारशी भांडणं येत नसत.

चाळिसाव्या वर्षी तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ती छाती काढली, मग केमो झाली, मग रेडिएशन. डोक्यावरचे, भुवयांचे, पापण्यांचे सगळे केस गेले. तेव्हा ती रडली नाही. केस परत येतात असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि ते आलेही.

कामावर रुजू झाल्यावर खरा त्रास सुरू झाला. ब्रेसियरमध्ये घालायचा सिलिकॉनचा पॅड खड्ड्यांच्या रस्त्यावर जागेवर राहीना. एके दिवशी कडावच्या वळणावर एक बाई भर गाडीत म्हणाली, "ताई, तुमचं कायतरी वर सरकलंय." हर्षलानं मान खाली घालून बघितलं. पॅड गळ्याजवळ आला होता. गाडीतले सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले. कुणी हसलं असतं तर तिनं त्याला खाली उतरवलं असतं. पण कुणीच हसलं नाही, आणि तेच तिला सोसवलं नाही.

त्या आठवड्यात तिनं ठरवलं की नवीन छाती बनवून घ्यायची. सासूला ते पटलं नाही. या वयात कशाला परत कापाकापी, असं तिचं म्हणणं. रत्नदीप म्हणाला, तुझं अंग, तू ठरव. तिनं ठरवलं होतंच.

डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं आणि सांगितलं की इथं पुरेसं मांस नाही. मांडीच्या आतल्या बाजूचं कातडं, चरबी आणि स्नायूचा तुकडा रक्तवाहिनीसकट काढून छातीवर बसवावा लागेल. हर्षलानं तीन गोष्टी विचारल्या. हात वर जाईल का, आठ तास उभं राहता येईल का, रजा किती लागेल. तिन्हींची उत्तरं मिळाली. फॉर्मवर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तुकडा मरण्याची शक्यता, सगळं लिहिलेलं होतं. तिनं तो दोनदा वाचला आणि सही केली. मांडीवरून उचललेलं कातडं छातीवर जाऊनही आपले केस विसरत नाही, हे त्यात कुठंच नव्हतं. आणि असा प्रश्न कुणाला सुचणार तरी कसा?

पहिले चार महिने ती खुशीत होती. खाकी कुर्ता दोन्ही बाजूंनी सारखा बसायचा. मग एका सकाळी आंघोळ करताना साबणाच्या फेसात एक केस दिसला. डोक्याचा गळलेला असेल म्हणून तिनं तो बाजूला सारला, पण तो सरकला नाही. चिमटीत धरून ओढला, तर कातडी वर उचलली गेली आणि दुखलं मात्र काहीच नाही. त्या जागेला स्पर्शच कळत नव्हता. नसा कापल्या गेल्यानं असं होतं, एवढं तिला सांगितलेलं होतं.

महिन्याभरात तिथं केसांचा पट्टाच उगवला. काळे, जाड, वाकडे. मांडीच्या सांध्याजवळचे, तिथलेच. हर्षलानं आरशाकडे पाठ केली. ज्या केमोनं भुवयासुद्धा ठेवल्या नाहीत, तिच्यानंतर केस यायचे तर ते इथं?

रत्नदीपनं बघितलं आणि तो हसला. "आता मिशी फुटली काय तुला," असं म्हणाला. वाईट हेतू नव्हता त्याचा. घाबरला की हसायची त्याची सवय होती, बाप गेला तेव्हाही तो असाच हसला होता. पण हर्षलानं ब्लाउजचे हूक लावले आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. डबा भरून द्यायची, कपडे धुवायची, शब्द एक नाही. तो माफी मागत मागे फिरायचा. तिला त्याच्या माफीचाही राग यायचा, कारण माफीनं एकही केस कमी होणार नव्हता.

तपासणीच्या तारखेला तिनं हे सांगितलं. समोर एक तरुण डॉक्टर होता. त्यानं लांबूनच बघितलं आणि म्हणाला की असं होतं कधी कधी, यात धोका काही नाही, दिसण्यापुरतंच आहे.

"मग आधी का नाय सांगितलं?" तिनं विचारलं.

तो मोबाईलकडे बघत म्हणाला, "बाई, तुमचा जीव वाचलाय. केसांचं काय घेऊन बसलात?"

चौदा वर्षांत गाडीत कुणाचं ऐकून न घेतलेली हर्षला फाईल उचलून बाहेर आली. जीव वाचवला म्हणून आता तोंड उघडायचं नाही का? आयुष्यभर आभारच मानत राहायचं का? हे सगळं तिला जिना उतरताना सुचलं, आणि आत सुचलं नाही याची तिला स्वतःचीच चीड आली.

मग तिनं स्वतःच इलाज करायचा ठरवला. कर्जतला ओळखीच्या नजरा नकोत म्हणून नेरळच्या एका पार्लरमध्ये गेली. तिथली निशिगंधा पोरसवदा होती, पण सभ्य. तिनं पडदा ओढला, इथं केस कसे हे विचारलं नाही आणि वॅक्स लावलं. "गरम लागतंय का?" असं तिनं दोनदा विचारलं. हर्षला दोन्ही वेळा नाही म्हणाली. खोटं बोलली नव्हती. तिला खरंच काही लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुर्ता अंगाला चिकटला. काढून बघितलं तर कातडी सोलून निघाली होती आणि कडेनं पाण्याचे फोड होते. तिथंच न्हाणीत बसून ती त्यावर गार पाणी ओतायला लागली. दार उघडंच राहिलं होतं. सासू पाणी घ्यायला आली आणि तिनं सगळं बघितलं. भाजलेलंही आणि उरलेले केसही.

चंद्रभागानं पदरानं सुनेचा चेहरा पुसला. कधीपासून, म्हणून विचारलं. हर्षलानं सगळं सांगितलं, तरुण डॉक्टरचं आणि रत्नदीपच्या हसण्याचंही. म्हातारी उठली आणि अंगणात गाडी पुसत असलेल्या मुलापुढं जाऊन उभी राहिली. ओरडली नाही. तुझ्या बायकोनं मरण बघितलंय आणि तू मिशा बघतोस, एवढंच म्हणाली. मग न्हाणीकडे परत येऊन ती सुनेला म्हणाली, "मी येते संगं. मोठ्या डॉक्टरला इचारू आपुन. आमी अडानी हाय, आमाला लाज नाय."

जखम भरायला महिना गेला. त्यानंतर दोघी रुग्णालयात गेल्या. खिडकीवरच्या माणसानं तरुण डॉक्टरकडेच पाठवलं, तर चंद्रभागा बाकावर मांडी घालून बसली आणि मोठ्या डॉक्टरबाई येईपर्यंत हलणार नाही म्हणाली. दुपारी दोनला त्या आल्या. पांढऱ्या केसांच्या, थकलेल्या, विभागाच्या प्रमुख. त्यांनी दार लावलं, हात धुतले आणि जवळ बसून नीट बघितलं. भाजल्याची खूण बोटानं तपासली.

हर्षलानं फॉर्मची झेरॉक्स पुढं ठेवली. आवाज गाडीतला होता.

"यात बारा गोष्टी लिहिल्यात. केस कुठं हायत दाखवा. इथं कळत नाय, तर गरम काय लावायचं नाय, हे कुठं हाय? मला पार्लरवालीनं विचारलं तेवढं पण तुमी विचारलं नाय."

मोठ्या बाईंनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "आमचं चुकलं. सांगायला हवं होतं. शस्त्रक्रियेच्या आधी मांडीवर लेझर केलं असतं, तर ही वेळ आली नसती."

हे ऐकून हर्षला शांत झाली नाही. उलट तिचा राग जास्तच भडकला. म्हणजे उपाय होता. माहीतही होता. नुसतं तोंड उघडायचं होतं.

लेझर अजूनही करता येईल, असं त्यांनी समजावलं. रेडिएशन आधी झालेलं होतं आणि मांडीचं कातडं नंतर आलं, त्यामुळे त्याला शेक लागलेला नाही. पण स्पर्श कळत नसल्यानं यंत्र कमी ताकदीवर ठेवून, दर वेळी थंड करत, इथल्याच डॉक्टरांकडून करायचं. सात-आठ खेपा लागतील. तोवर फक्त कात्रीनं बारीक करायचे. ओढायचे नाहीत, वॅक्स नाही, क्रीम नाही.

पुढच्या वर्षभरात हर्षलानं सुट्ट्या जुळवून आठ खेपा केल्या. काही वेळा रत्नदीप बरोबर गेला. तिसऱ्या खेपेला, बाहेरच्या बाकावर, ती त्याच्याशी पहिल्यांदा नीट बोलली. तू हसलास तेव्हा मला माझ्याच अंगात उपरं झाल्यासारखं वाटलं, असं तिनं सांगितलं. त्यानं समजूत घातली नाही, बाजू मांडली नाही, खाली बघत ऐकून घेतलं. घरी येताना तिनं त्याला पाण्याची बाटली दिली. त्या दोघांत ते पुष्कळ होतं.

केस विरळ झाले. सगळे गेले नाहीत. दहा-बारा राहिलेच, तेही बारीक. ते ती कात्रीनं कापते.

फॉर्म मात्र बदलला नाही. मोठ्या बाईंनी वर कळवलं होतं, समितीपुढं विषय होता, एवढंच दर खेपेला कळायचं. शेवटच्या खेपेला बाहेरच्या बाकावर खालापूरची एक बाई बसली होती, इंदूबाई नावाची. सडपातळ, मांडीवर फाईल. पुढच्या सोमवारी तिचं ऑपरेशन होतं, मांडीचंच. हर्षलानं आडपडदा न ठेवता विचारलं, केसांचं सांगितलं का तुम्हाला? इंदूबाई लाजली आणि नाही म्हणाली.

हर्षला तिला बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेली आणि कुर्त्याची बटणं उघडून दाखवलं. उरलेले केस, भाजल्याचा डाग, सगळं. इंदूबाईनं आधी नजर वळवली, मग वाकून नीट बघितलं. हात लावू का, म्हणून विचारलं. लावा, म्हणाली हर्षला, मला कळणार नाही.

दोघी बाहेर आल्या तर दारात तो तरुण डॉक्टर उभा होता. त्याला नर्सनं सांगितलं असावं. "पेशंटना असं घाबरवू नका," तो म्हणाला.

"घाबरवत नाय," हर्षला म्हणाली. "तुमचं काम करते."

व्हरांडा भरलेला होता आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. फाईल घेऊन बसलेल्या आणखी दोन बायका जागेवरून उठल्या आणि काय झालं ते विचारायला तिच्याकडे आल्या. इंदूबाई तोवर मोठ्या बाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. सोमवारच्या आधी तिला काही विचारायचं होतं.