डिंकाची चव

मुलांनो, आज तुम्हाला पाठवायच्या दिवाळी शुभेच्छांचं पाकीट बंद करताना डिंकाची चव जिभेवर आली आणि मला भुसावळच्या रेल्वे क्वार्टरचा व्हरांडा आठवला.

तुमच्या आजोबांना कुणीतरी परदेशातून सिगारेटी वळायचं छोटं यंत्र आणून दिलं होतं. रोज संध्याकाळी मी त्यात ओलसर, गोडसर वासाची तंबाखू भरायची, कागद सरकवायची आणि रूळ फिरवायची. कागदाच्या कडेचा डिंक मात्र ते स्वतःच्या जिभेने ओला करायचे. मी त्यांच्या उष्ट्या ताटात जेवलेलं चालायचं, पण बायकोचं उष्टं त्यांच्या ओठाला कसं चालेल?

एकदा त्यांचे मित्र बसले असताना मी आनंदाने सांगितलं, की फैजपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला मला बोलावलंय.

"वहिनी, तुम्ही गेल्या तं याच्या सिगारेटी कोन करीन?" एक मित्र म्हणाले.

"अरे, ती कुठं जातेय!" आजोबा धूर सोडत म्हणाले.

सगळे हसले. थट्टा समजून मीही हसले. ते माझं हसू मला अजून सहन होत नाही, कारण नंतर कळलं, माझा नकार आजोबांनी कॉलेजला त्या दिवशी सकाळीच फोनवरून कळवून टाकला होता.