मंजन की तंबाखू?

“मॅडम, हे मंजन नाहीच,” छगनशेठ म्हणाले. “ही भाजलेली तंबाखू. आणि तंबाखू विकायला कुठे बंदी आहे?”

मी डबी फिरवून पाहिली. पुढे नवं कोरं लेबल चिकटवलेलं: ‘भाजलेली तंबाखू. दातांना लावू नये.’ कोपरा नखाने उचकटला, तर खाली जुनं लेबल हसत होतं: ‘काळे दंतमंजन’.

मी तेव्हा औषध खात्यात इन्स्पेक्टर होते. बोईसरच्या एमआयडीसीतला शेठचा हा शेड माझ्या हद्दीत. दात घासायची वस्तू कायद्याने कॉस्मेटिकमध्ये मोडते, आणि पेस्ट-पावडरीत तंबाखू घालायला केंद्र सरकारने नव्वदीच्या सुरुवातीला बंदी केली होती. पण नुसती तंबाखू विकायला मोकळीक! शेठने ही फट बरोबर हेरली. पालघरच्या डॉक्टरीणबाई मात्र आमच्या मागे लागल्या होत्या. बायका हे काळं मंजन लहान पोरींच्याही हिरड्यांना चोळत होत्या.

सॅम्पल लॅबला गेलं. रिपोर्ट आला, निकोटिन आहे. साहेबांनी तो माझ्याकडे सरकवला.

“तंबाखू आहे हे तो स्वतःच सांगतोय. ती दातांसाठी आहे हे सिद्ध करा. हेतू काही टेस्ट ट्यूबमध्ये दिसत नाही.”

मी बाजार गाठला. एडवणची जनाबाय तिथे सुके बोंबील विकायची. कमरेला हीच डबी, तर्जनी काळी.

“जनाबाय, यावर लिहिलंय, दातांना लावू नये.”

“मंग कुटं लावू? बोंबलाला?”

बाजूच्या बायका खो खो हसल्या. मी साहेबांना हे सांगितलं. तेही हसले, पण म्हणाले, “शेठचा वकील म्हणेल, गिऱ्हाईक काय करतं त्याला कंपनी जबाबदार नाही. केस टिकणार नाही.”

मग मला सेंट्रल एक्साइजचे कुलकर्णी आठवले. तंबाखूच्या मालावर अबकारी कर जबर, दंतमंजनावर हलका. मी त्यांना सहज विचारलं, “छगनशेठ तुमच्याकडे काय म्हणून माल दाखवतात?”

“दंतमंजन. का?”

“आमच्याकडे तंबाखू म्हणतात.”

कुलकर्णींनी अर्धा चहा तसाच सोडला आणि जीपची किल्ली उचलली.

आम्ही दोघं एकदम शेडमध्ये शिरलो. शेठ मला पाहून हसले, मग मागे कुलकर्णी दिसले आणि हसू जागच्या जागी थिजलं.

“काय बनवता, शेठ?” कुलकर्णींनी गोड आवाजात विचारलं.

“मंजन, साहेब.”

मी पेनचं टोपण काढलं.

“म्हणजे… तसं तंबाखूच.”

कुलकर्णींनी टोपण काढलं.

शेठ एकदा माझ्याकडे बघत, एकदा त्यांच्याकडे. कपाळाला घाम. शेवटी म्हणाले, “साहेब, हे कशासाठीच नाही!”

“मग लोक घेतात कशाला?”

“हौस!”

मला हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून मी बाहेर गेले. परत आले तोवर शेठचा हिशोब झाला होता. तंबाखू म्हणावं, तर एक्साइजवाले मागच्या सगळ्या वर्षांचा कर उकरून काढणार. मंजन म्हणावं, तर फक्त तंबाखू काढावी लागणार. त्यांनी माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला. “लिहा मॅडम. मंजन.”

साठा आमच्यासमोर नष्ट झाला. शेठने कोळसा आणि लवंगेची नवी पावडर बाजारात आणली, तीही रीतसर लायसन्स घेऊन. खात्याने माझी पाठ थोपटली. मी ऐटीत पुन्हा बाजारात गेले.

जनाबायचं बोट तसंच काळं.

“नवी पावडर चांगली आहे ना?” मी विचारलं.

“थू! ती राख कोन लावंल? तुमी शेठची बंद केलीव, तवापासून आमी घरीच भाजतो. ही घ्या, ताजी हाय.”

तिने आपुलकीने हात पुढे केला. मी पर्स घट्ट धरून उभी राहिले. कॉस्मेटिकच्या कायद्यात कारखान्याला, दुकानाला, लेबलाला कलमं आहेत. घरच्या तव्याला एकही नाही.